तान्ह्या बाळाला घेऊन परदेशातल्या लग्नाला: तारखा उलट्या मोजा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं थोडं गाळलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. प्रश्न आलाय बपेऱ्याहून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बपेरा म्हणजे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, अगदी मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेलं आमच्याकडचं गाव. एक ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आल्यात. धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे आणि त्याचं लग्न तिथेच, फेब्रुवारीत. एकुलती एक बहीण, म्हणजे करवली तीच. प्रश्न एवढाच: "बाळाला घेऊन जाता येईल का?"

घरात दोन गट पडलेत म्हणे. एक गट म्हणतो, भावाच्या लग्नाला बहीण नाही म्हणजे कसं? दुसरा म्हणतो, एवढुसं लेकरू घेऊन विमानात कुठं जाता जी? दोघांचंही बरोबर आहे. पण दोघंही बाळाच्या तब्येतीवर भांडतायत आणि गाडी अडते ती बहुतेक वेळा दुसरीकडेच, कागदांवर. बाळ निरोगी असेल तर तीन महिन्यांचं होईपर्यंत विमानाला साधारण तयार होतं. त्याचे कागद तयार होतात का, हा खरा प्रश्न. म्हणून आज आपण लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत येणार आहोत.

हिशोबाला सोप्या म्हणून तारखा मी धरतो. जन्म ५ नोव्हेंबर. लग्न २० फेब्रुवारी. निघायचं १७ फेब्रुवारीला, तेव्हा बाळ जवळजवळ साडेतीन महिन्यांचं असेल.

कागदांची साखळी

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिपेंडन्सी म्हणतो. पहिलं काम झाल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही. इथे साखळी अशी आहे: जन्म दाखला, मग पासपोर्ट, मग व्हिसा. बाळ आईच्या पासपोर्टवर जात नाही, त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. यातलं काहीच जन्माआधी करून ठेवता येत नाही.

आधी जन्म दाखला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो, दुसरं काही नाही. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. आणि नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, जिथे घर आहे तिथे नाही. घर बपेऱ्यात आणि बाळंतपण तुमसरला किंवा भंडाऱ्याला झालं, तर गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही. दवाखान्यातच विचारा की नोंद कुठे पाठवली.

आता नाव. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, कधी सव्वा महिन्यानंतर. कायद्याने नावाशिवायही नोंद होते आणि बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं. पण बिननावाच्या दाखल्यावर पासपोर्टचा अर्ज पुढे जात नाही. परदेशी जायचं असेल तर नाव आधी ठरवा, बारसं हवं तेव्हा थाटात करा.

दवाखान्यातला फॉर्म

हा मुद्दा जरा थांबून ऐका, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बाळाच्या जन्माची माहिती दवाखान्यात लिहून घेतात तेव्हा आई झोपलेली असते, बाबा औषधं आणायला गेलेले असतात आणि नावं सांगायला उभे असतात काका नाहीतर आत्या. आईचं नाव काय? काका सासरचं नाव सांगतात. ताईंचा पासपोर्ट मात्र लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाचा. त्यात आपल्याकडे कधीकधी लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. म्हणजे दाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. मग दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि यात तीन-चार आठवडे सहज जातात. आपल्या वेळापत्रकात तेवढी जागा नाही.

उपाय साधा आहे. सातव्या-आठव्या महिन्यातच आई-बाबांचे पासपोर्ट काढून बघा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा. पासपोर्टवर जे नाव तेच दाखल्यावर. नाव बदलायचंच असेल तर आईचा पासपोर्ट बाळंतपणाआधी नवा करून घ्या. आणि त्याच वेळी मुदतही बघा. शेंगेन देशांसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा लागतो आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा.

पासपोर्ट

विदर्भाचं काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. अर्ज ऑनलाइन भरताना जवळचं कुठलं केंद्र मिळतं ते दिसतं. बाळाला प्रत्यक्ष न्यावं लागतं. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो सोबत न्यायचा असतो, पांढरी पार्श्वभूमी, ४.५ गुणिले ३.५ सेंटीमीटर. घरी पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवून वरून फोटो काढा, डोळे उघडे असताना. दहा-बारा प्रयत्न लागतील, चालायचंच.

आई-बाबा दोघांच्या सहीचं 'परिशिष्ट ड' लागतं. एक जण परगावी असेल आणि सही मिळत नसेल तर 'परिशिष्ट क'. मूळ फी १००० रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत. तत्काळ हवा असेल तर २००० वर. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो.

आपल्या हिशोबात: दाखला १० डिसेंबरपर्यंत हातात, केंद्रावर १५ डिसेंबरला, पासपोर्ट ८ जानेवारीपर्यंत घरी. १५ डिसेंबरला सव्वा महिनाही संपतो, म्हणजे घरातल्या मोठ्यांचाही मान राहिला.

व्हिसा

जर्मनीचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, पण बाळाचा पासपोर्ट आल्याशिवाय त्याचा अर्ज होणार कसा? नियमाने निर्णय १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. सहा वर्षांखाली फी नाही आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. प्रवास विमा मात्र बाळाचाही लागतो, किमान ३०,००० युरोंचा. एकटी आई बाळाला नेत असेल तर बाबांचं संमतिपत्र नोटरी करून घ्या. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असल्यामुळे मुंबईची एक फेरी धरून चाला.

आणि भावाला एक गोष्ट विचारा: तारीख नक्की आहे ना? जर्मनीत कायद्याने लग्न होतं ते सरकारी नोंदणी कार्यालयात. परदेशी माणसाची कागदपत्रं तपासायला तिथे महिने लागू शकतात. ती तारीख हलली तर तुमचं सगळं हलेल. तिकीट बदलता येणारंच काढा.

बाळ आणि विमान

आता तब्येत. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वैद्यकीय सूचना अशी की जन्मानंतर पहिले ४८ तास विमान नको आणि सात दिवस थांबलेलं बरं. म्हणजे साडेतीन महिने बरेच झाले. पण विमानातली हवा ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तशी विरळ असते. बाळ कमी दिवसांचं असेल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल, तर तिकिटाआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिथे माझं ऐकू नका.

लसी: सहा, दहा आणि चौदा आठवडे. आपल्या तारखांत १७ डिसेंबर, १४ जानेवारी आणि ११ फेब्रुवारी. शेवटची निघायच्या सहा दिवस आधी येते. ती पुढे ढकलू नका, लसीनंतरचा ताप आला तरी साधारण एक-दोन दिवसांत उतरतो. लसीकरण कार्ड हँडबॅगेत.

कानाचं दुखणं उतरताना जास्त असतं. विमान खाली यायला लागलं की अंगावर पाजा, गिळण्याने कान मोकळे होतात. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण त्याचं वेगळं तिकीट लागतंच. ते आधीच जोडून घ्या, कारण एका रांगेत किती बाळं बसणार हे ऑक्सिजन मास्कच्या संख्येवर ठरतं. पाळणा मिळतो तो पुढच्या भिंतीजवळच्या सीटला, मोजकेच असतात, फोन करून मागा.

माझ्या मते विमानापेक्षा लग्नाचा हॉल जास्त जोखमीचा आहे. फेब्रुवारी म्हणजे युरोपात सर्दी-तापाचा ऐन हंगाम. शंभर माणसं, प्रत्येकाला बाळ घ्यायचंय, पापी घ्यायचीय. करवली आत असताना बाळाला बाजूच्या खोलीत घेऊन बसणारं एक माणूस आधीच ठरवा. त्याचं नाव घेऊन ठरवा, "कोणीतरी बघेल" असं नको. बाळाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर लग्न सोडून डॉक्टर.

आणि आई?

या सगळ्यात आईबद्दल कोणी विचारत नाही. बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त. साडेतीन महिन्यांनी तो बराच उतरतो. तरी मुंबईहून नऊ तासांच्या आसपासची फ्लाइट, त्याआधी बपेरा ते नागपूर रस्ता, मग नागपूर ते मुंबई. सिझेरियन झालं असेल तर बॅगा उचलणं तिचं काम नाही. पाणी भरपूर, दर तासा-दीड तासाला उठून चार पावलं. आणि झेपत नसेल तर "नाही" म्हणायचा अधिकार सगळ्यात आधी तिचा.

थांबायची तारीख

शेवटचं. जायची तारीख सगळे ठरवतात, थांबायचीही ठरवा. आपल्या हिशोबात ती २५ जानेवारी. त्या दिवशीपर्यंत बाळाचा व्हिसा अर्ज जमा झालेला नसेल तर प्रवास रद्द. हे डिसेंबरातच घरात सगळ्यांसमोर आणि भावालाही फोनवर सांगून टाका. नाहीतर ऐन वेळी कोणीतरी म्हणतं, बाळाला आजीकडे ठेव आणि तू जा. अंगावर पिणारं बाळ सोडून जायचा निर्णय विमानतळाच्या वाटेवर घ्यायचा नसतो.

रद्द झालंच, तर भाऊ-वहिनी गावी येतील तेव्हा गोंधळ-जेवण ठेवा आणि करवलीचा मान तेव्हा घ्या, हेही आत्ताच बोलून ठेवा. म्हणजे राहावं लागलं तरी कोणी कोणावर रुसणार नाही.

नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी सरकारी साइटवर एकदा तपासा. तुमच्या घरात असं कोणी बाळाला घेऊन गेलं असेल तर अनुभव नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!