केकवरची ‘चेरी’ आणि डोंगरची काळी मैना

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांच्या डोंगरांवर उन्हाळ्यात करवंदाच्या काटेरी जाळ्या फळांनी लगडतात. ही ‘डोंगरची काळी मैना’ आदिवासी महिला पाट्यांतून शहरात आणतात व पानांच्या द्रोणातून विकतात. फळ फोडल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. हा खेळ शहरी मुलांना मात्र फारसा ठाऊक नसावा.

कण्हेरीच्या कुळातील या झुडपाला आयुर्वेदात ‘करमर्द’ म्हणतात. कच्चे फळ पित्त वाढविणारे, तर पिकलेले पित्तशामक व रुची आणणारे मानले जाते. त्यात लोह व ‘क’ जीवनसत्त्व असते. तथापि रक्तक्षय झालेल्यांनी करवंदांवर विसंबून औषधे टाळू नयेत. कच्च्या करवंदांचे लोणचे व चटणी होते. पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही उत्तम जमते. इतकेच नव्हे, तर केकवरची लालभडक ‘चेरी’ अनेकदा पाकात मुरवून रंगविलेले करवंदच असते!

पिकलेले फळ मात्र लवकर मऊ पडते आणि पाऊस सुरू होताच हंगाम आटोपतो. त्यामुळे संध्याकाळी उरलेली पाटी मिळेल त्या भावात द्यावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला. पण पाड्यावरच सरबत वा मुरंबा करण्याची सोय नसेल, तर करवंदाचे मोल वाढते ते बेकरीत पोहोचल्यावरच.