ओठ झोपला, पण अर्धाच!

खालची दाढ किडली म्हणून डॉक्टरकाकूंनी सुई टोचली. थोड्या वेळाने ओठ असा वाटायला लागतो, जणू फुगून भाकरीएवढा झालाय. आरशात बघावं तर आहे तेवढाच! चूळ भरायला जावं, तर पाणी एका बाजूने गळतं. आणि बधिर झालेला ओठ फक्त अर्धा. अगदी मधोमध रेघ मारल्यासारखा!

दाढ दुखते, पण ते दुखणं कळतं मेंदूला. दाढेपासून मेंदूपर्यंत ही बातमी नेते नस, म्हणजे चेतातंतू. कशी? चक्क खो-खो खेळत! नसेच्या भिंतीत इवलीइवली दारं असतात. बाहेर सोडियमचे कण ताटकळत उभे असतात. सोडियम म्हणजे तोच, आपल्या मिठातला. एक दार उघडलं की ते आत घुसतात, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं. खो! मग त्याच्या पुढचं. खो!

सुईतलं औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. त्याचे कण भारी चतुर. ते भिंतीतून पाझरून नसेच्या आत शिरतात आणि आतल्या बाजूने दारांना बूच मारतात. सोडियम बाहेरच अडकला, खो मिळालाच नाही! दाढ बिचारी ओरडतेय आणि मेंदूला पत्ताच नाही. दुखण्याची बातमी नेणारे तंतू बारीक असतात, ते लवकर गप्प होतात. दाबाची बातमी नेणारे जाडे, ते सहजी ऐकत नाहीत. म्हणून दाढ ओढल्याचं कळतं, पण दुखत नाही. (ड्रिलची घरघर ऐकू येतेच. कान कुठे बधिर केलाय?)

आता अर्ध्या ओठाचं कोडं. खालच्या जबड्याचं हाड घट्ट, औषध त्यातून नीट झिरपत नाही. म्हणून काकू नसेला हाडात शिरण्याआधीच, पार मागे गाठतात. तीच नस पुढे त्या बाजूच्या खालच्या ओठाकडेही जाते. दाढेबरोबर ओठही झोपला! पलीकडच्या अर्ध्या ओठाची नस वेगळी, ती टक्क जागी.

हे औषध सापडलं कसं, तर जवामुळे! 1930च्या दशकात स्वीडनमध्ये होल्गर एर्टमान जवातला एक पदार्थ प्रयोगशाळेत बनवू बघत होते. बनला त्याचा चुलतभाऊ. त्यांनी तो चाखला आणि जीभ बधिर! (तुम्ही असलं काही चाखू नका हं. तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांना ती खोडच होती.) तोच धागा धरून निल्स लोफग्रेन यांनी 1943 साली लिग्नोकेन बनवलं. त्यांचे सोबती बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःलाच टोचून पाहिलं!

दोन-तीन तासांत रक्त हे औषध वाहून नेतं आणि यकृत त्याचे तुकडे करतं. बुचं निघतात, ओठाला मुंग्या येतात, खो-खो पुन्हा सुरू. तोवर चिवडा खायला बसलात आणि ओठच चावलात, तर काहीसुद्धा कळणार नाही.

कळेल ते मुंग्या गेल्यावर!