रुईचा चीक, फुलपाखराची ढाल

माळावरचे बाकी सगळे गुरांनी ओरबाडून खाल्ले, तरी रुईला ती सहसा तोंड लावत नाहीत. पान तोडले की देठातून पांढरा, चिकट चीक ठिबकतो. त्यात कार्डिनोलाइड गटातली विषारी द्रव्ये असतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा एक पंप असतो. ही द्रव्ये नेमकी त्यालाच अडवतात. मात्रा वाढली की हृदयाचे ठोके बिघडतात.

तरीही प्लेन टायगर फुलपाखराची मादी अंडी घालायला रुईच निवडते. एका पानावर सहसा एकच अंडे. अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची; पाठीवर काळ्या, लवचीक शिंगांच्या तीन जोड्या. खाण्याआधी ती पानाची शीर कुरतडते. चीक तिथेच गळून जातो आणि पुढचा भाग तिला निवांत खाता येतो. पोटात गेलेले विष तिला बाधत नाही. उलट ते अंगात साठू शकते आणि पंख फुटल्यावरही सोबत राहते.

अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरू याच जातकुळीतले. त्याच्या पेशींतल्या पंपाची रचना किंचित बदललेली असल्याने विषाला तिथे नीट पकड मिळत नाही. 1960 च्या दशकात लिंकन ब्रोअर यांनी ब्लू जे पक्ष्यांना विषारी मोनार्क खाऊ घातले. पक्ष्यांना उलट्या झाल्या. पुढे मोनार्क नुसता दिसला तरी ते त्याला टाळू लागले.

म्हणूनच प्लेन टायगर लपत नाही. केशरी पंख मिरवत संथ उडतो.

या धाकाचा फायदा डॅनेड एगफ्लाय हे दुसरे फुलपाखरू उठवते. त्याची अळी घोळीवर वाढते. तीच घोळ, जिची आपण भाजी करतो. अर्थात फुलपाखरात विष नाही. पण मादी थेट प्लेन टायगरसारखी दिसते. नर मात्र काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे डाग. अशा नकलेचे स्पष्टीकरण हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये दिले. तोतये फार वाढले, तर पक्ष्यांना केशरी घास गोड लागू लागेल आणि खऱ्या-खोट्या दोघांचेही संरक्षण कमी होईल.

दोघींतला फरक ओळखायचा तर मागचा पंख पाहा. प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच. अळ्या शोधताना रुईची पाने मात्र तोडू नका. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.