गोष्ट अडली ‘पानी’वर!

दुपारचे चार. लकडगंजातल्या आमच्या गल्लीत आरा मशीनचा आवाज अखंड चालू. हवेत भुशाचा वास. घरात मात्र वेगळंच युद्ध पेटलेलं. माझा सहा वर्षांचा भाचा मोबाईलसमोर बसून एकच शब्द ओरडत होता, ‘‘पानी! पानी! पानी!’’

तहान नव्हती लागली त्याला. तो गोष्ट वाचत होता. ताईने त्याच्यासाठी गोष्टींचं एक फुकटचं अॅप टाकून दिलंय. मूल मोठ्याने वाचतं, मोबाईल ऐकतो, शब्द बरोबर आला की तो हिरवा होतो आणि एक चांदणी मिळते. पानावर लिहिलं होतं ‘पाणी’. भाचा वाचत होता ‘पानी’. मोबाईल म्हणत होता, पुन्हा वाच.

चौथ्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘मावशी, मी बरोबर तर वाचून राहिलो ना! हे काऊन नाही म्हणते?’’

आजी पलंगावरूनच म्हणाली, ‘‘जाऊ दे बापू, त्याले ऐकू कमी येत असन.’’

आम्ही हसलो. भाचा नाही हसला. त्याने मोबाईल उलटा ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी अॅप उघडलंच नाही. वाचायला शिकवणाऱ्या यंत्राने एका मुलाचं वाचन थांबवलं, तेही त्याला अर्थ नीट कळलेला असताना! मला ते लागलं. कारण घरात आम्ही सगळेच ‘पानी’ म्हणतो. ‘लोनी’ म्हणतो, ‘कोन आलं’ म्हणतो. तुमच्यापैकी किती जण कॉलेजच्या पहिल्या प्रेझेंटेशनला ‘ण’ नीट यावा म्हणून आरशासमोर उभे राहिलात? मी राहिलेय.

मोबाईल ऐकतो म्हणजे काय करतो?

असल्या अॅपकडे गोष्टीचा मजकूर आधीच असतो. मुलाचा आवाज आला की तो अपेक्षित शब्दाशी किती जुळतो, एवढंच ते तपासतं. कुठला उच्चार ‘बरोबर’ धरायचा, हे त्याला ज्या आवाजांवर शिकवलं त्यावर ठरतं. त्या आवाजांत आमच्या भागातली मुलं नसतील, तर आमची मुलं ‘चूक’. अॅपच्या मनात काही वाईट नसतं, त्याने आपल्याला कधी ऐकलेलंच नसतं.

ही कल्पना मुळात चांगली आहे, हेही सांगायला हवं. गूगलने 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचं वाचनाचं अॅप आणलं. पुढच्या वर्षी ते ‘रीड अलाँग’ झालं आणि मराठीतही आलं. त्यातली ‘दिया’ मुलांचं वाचन ऐकायची, अडलेला शब्द सांगायची. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही चालायचं. (भाच्याच्या मोबाईलमधलं अॅप हे नाही, वेगळं आहे.) ज्या घरात वाचून दाखवायला कुणाला वेळ नाही, तिथे असा सोबती छोटी गोष्ट नाही.

टिचकी मारली की काय होतं?

बोटाने हलणारी गोष्ट तशी नवी नाही. 1992 मध्ये अमेरिकेत ब्रॉडरबंड कंपनीने ‘जस्ट ग्रँडमा अँड मी’ ही सीडी-रॉम काढली. चित्रात कुठेही क्लिक करा, काहीतरी नाचायचं, गायचं, उडायचं. मुलं खूश! पण तेव्हापासूनचा प्रश्न आजही तोच आहे. मूल गोष्ट वाचतंय की फक्त बटणं दाबतंय?

एक साधी कसोटी सांगते. टिचकी मारल्यावर जे घडतं, ते गोष्टीतलंच आहे का? गोष्टीत वारा सुटला आणि बोट लावल्यावर झाड हललं, तर मुलाला ‘वारा सुटला’ कळतं. पण वाऱ्याच्या पानावर बेडूक टोपी घालून नाचला, तर वारा गेला आणि बेडूक राहिला.

दुसरा मुद्दा शेजारी बसणाऱ्याचा. मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. टिफनी मुन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक आणि लहानग्यांच्या 37 जोड्यांना छापील, साधी डिजिटल आणि आवाज-हालचालींची डिजिटल अशी तिन्ही पुस्तकं दिली. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. डिजिटल पुस्तक हातात असताना पालक आणि मूल एकमेकांशी कमी बोलत होते. पुस्तकच बोलायला लागलं की आपण गप्प होतो!

आमची आजी नेमकं उलट करते. ‘‘मंग का झालं असन?’’ म्हणून मध्येच थांबते. भाचा तीन शेवट सांगतो, तिन्ही चुकीचे, तिन्ही भन्नाट. चांदणी मिळत नाही, पण ‘पुन्हा वाच’ही कुणी म्हणत नाही.

मग मी काय केलं?

चिडून काही होत नाही. आणि आपण तर मास कॉमवाले! म्हणून मी ‘स्टोरीवीव्हर’ उघडलं. बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ने 2015 मध्ये 8 सप्टेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाला, हा मंच सुरू केला. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात, मराठीही भरपूर. काही गोष्टींना आवाज आहे आणि वाचताना तो तो शब्द उजळत जातो. सगळ्यात भारी काय, तर परवाना खुला आहे. मूळ लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवून कुणीही गोष्टीचं भाषांतर करू शकतो किंवा तिथली चित्रं घेऊन नवी गोष्ट रचू शकतो. याच मंचाने ‘सीजीनेट स्वर’सोबत गोंडीतही गोष्टी आणल्या. गोंडी बोलणारी माणसं आपल्या विदर्भातही आहेत, हे इथे आठवायला हरकत नाही.

मी मांजरीची चित्रं निवडली आणि दहा पानांची गोष्ट लिहिली. आरा मशीनच्या भुशात पिल्लं लपवणारी मांजर. पाचव्या पानावर तिला तहान लागते आणि माझं बोट की-बोर्डवर अडलं. पाणी लिहू की पानी?

‘पानी’ लिहिलं तर शाळेत शुद्धलेखनाला मार्क जातील. ‘पाणी’ लिहिलं तर मीही त्या अॅपसारखीच. तासभर अडकले. मग आठवलं, उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये माणसांना वऱ्हाडीतच बोलू दिलंय. म्हणजे हा तिढा आपल्या लेखकांनी कधीच सोडवलाय. मी निवेदनात ‘पाणी’ ठेवलं आणि मांजर बोलली तिथे ‘पानी’.

रात्री भाच्याला गोष्ट दिली. आजी शेजारी, मी गप्प. ‘पाणी’ त्याने ‘पानी’च वाचलं, कुणी टोकलं नाही. मग मांजरीचं वाक्य आलं. तो थांबला. दोन्ही शब्दांवर बोट ठेवून बघितलं. ‘‘मावशी, पुस्तकातला वेगळा हाय अन् मांजरीचा आपल्यासारखा हाय!’’

चार वेळा ‘पुन्हा वाच’ ऐकून जे कळलं नव्हतं, ते त्याचं त्याला दिसलं. प्रमाण भाषा त्याला शिकायचीच आहे, ती शिकेलही. फक्त त्यासाठी घरची भाषा चूक ठरवायची गरज नाही.

गोष्ट अजून माझ्या ड्राफ्टमध्येच आहे. मांजर पिल्लं परत नेते की नाही, यावर आजी आणि भाच्याचं एकमत होत नाहीये.

घरात छोटू-छोटी असेल, तर एवढं बघा

• वेळ : दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

• जाहिराती : ‘फुकट’ अॅप आधी स्वतः दहा मिनिटं वापरा. गोष्टीच्या मध्ये जाहिरात आली तर काढून टाका.

• माइक : आवाज मोबाईलमध्येच राहतो की बाहेर जातो, ते वाचा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते.

• मराठी खजिना : बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. तुम्हीच वाचून दाखवा.

• तुमचं काम : सुट्टीत एक गोष्ट तुमच्या घरच्या बोलीत आणा. आजीला विचारून!