शून्य, यंत्र आणि आपला संसार

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सर्व कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चालकांची सूचना आली, तेव्हा विषयासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. आमचा एक जुना विद्यार्थी बंगळूरच्या एका कंपनीचे काम येथे लष्कर भागातील आपल्या घरी बसून करतो. काम सॉफ्टवेअरचे, म्हणजे संगणकाने काय करावयाचे ते त्यास लिहून देण्याचे. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे येतो आणि आपल्या धंद्याविषयी मोकळेपणाने बोलतो. एकदा तो म्हणाला, "सर, आम्ही लिहिलेले आता लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले आहे, पण आम्ही काय लिहितो हे लोकांस ठाऊक नाही, आणि लोक कसे राहतात हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे नसते." त्याच्या या बोलण्याचा थोडा विस्तार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा आरंभ आमच्या मते आपल्याच गावी, किल्ल्यावर आहे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढावावर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. वाचकांपैकी अनेकजण त्याच्यावरून गेले असतील, पण आत डोकावलेले थोडेच असतील. आत भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यावर संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ हे वर्ष आहे; राज्य प्रतिहार राजा भोजदेव याचे. लेखाचा मजकूर दानाचा आहे. देवस्थानास फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात. माळ्यांनी दररोज ५० माळा द्यावयाच्या आणि तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यावयाचे, असेही त्यात नमूद आहे. या २७० मध्ये आणि ५० मध्ये शेवटी जे लहानसे वर्तुळ कोरले आहे, ते पाहावयास जगभरातील गणिती ग्वाल्हेरीस येतात. वर्ष निश्चित असलेल्या जुन्या शून्यांपैकी ते एक होय. याहून जुनी शून्ये अन्यत्रही मिळाली आहेत. कंबोडियातील एका शिलालेखातील शून्य इसवी सन ६८३ चे आहे. म्हणून 'जगातील पहिले शून्य' असा अभिमान मिरविण्याचे कारण नाही. तथापि आपल्या शून्याची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ते एखाद्या ज्योतिषाच्या ग्रंथात नसून एका धर्मादाय दानाच्या हिशेबात आहे.

शून्याचे काम काय? आम्ही वर्गात असे सांगतो की, शून्य हा घर राखणारा अंक आहे. २७० मधील शून्य काढले तर २७ उरतात आणि बाग दहापट आखूड होते. स्वतः शून्याची किंमत काही नाही. परंतु ते एककाचे घर राखून बसते, म्हणूनच सातास सत्तराची व दोहोंस दोनशेंची किंमत येते. शून्यासह गणित कसे करावे याचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ग्रंथात मांडले. पुढे भारतीय गणित बगदादेस गेले. तेथे अल्‌-ख्वारिज्मी या पंडिताने सन ८२५ च्या सुमारास हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले, तेव्हा त्याच्या नावाचा उच्चार 'अल्गोरित्मी' असा झाला. आज संगणकाच्या धंद्यात ज्यास 'अल्गोरिदम' म्हणतात तो शब्द त्या नावावरूनच आला. आमच्या घरी वडीलधाऱ्या बायका शून्यास 'सिफर' म्हणत. हाच अरबी शब्द युरोपात जाऊन तेथल्या भाषांत शून्याचे नाव बनला.

आता सनांचा क्रम पाहावा. ब्रह्मगुप्त ६२८, ख्वारिज्मी ८२५, आणि आपला शिलालेख ८७६. म्हणजे जी कल्पना एके काळी मोठ्या पंडितांची होती, ती अडीचशे वर्षांत इतकी अंगवळणी पडली की, फुलबागेचे माप लिहिताना पाथरवटाच्या छिन्नीखाली ती सहज उतरली. नवी विद्या संसारात शिरते ती अशी. एकदा शिरली की ती विद्या आहे हेही आपण विसरतो.

संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या पोटात शून्य आणि एक या दोन खुणांखेरीज काही नाही. विजेचा दाब कमी असला तर शून्य, अधिक असला तर एक. आपण फोनवर 'क' हे अक्षर उमटविले तर यंत्रास 'क' कळत नाही. जगातील सर्व लिप्यांची जी एक सामाईक यादी ठरलेली आहे, तिच्यात 'क' चा क्रमांक २३२५ आहे. शून्य आणि एक या दोनच अंकांनी हा क्रमांक लिहिला तर १००१०००१०१०१ असा होतो. बाळबोध अक्षर, नातवाचा फोटो, गाण्याची चीज, बँकेतील शिल्लक, सर्व काही यंत्रास असेच पोचते.

या अंकांचे काय करावयाचे हे सांगणारे नियम म्हणजे सॉफ्टवेअर. आमचा विद्यार्थी म्हणतो की त्याचा सारा दिवस 'जर' आणि 'तर' लिहिण्यात जातो. जर खात्यात रक्कम असेल तर पुढे जा. नसेल तर नाही म्हण. यंत्र हा नियम लाख वेळा पाळील आणि एकदाही कंटाळणार नाही. परंतु नियम लिहिताना ज्या माणसाची आठवण झाली नाही, तो माणूस नियमाबाहेर उभा राहतो, आणि यंत्रास त्याची दया येण्याचा प्रश्न नसतो.

रोजच्या व्यवहारातील दोनतीन उदाहरणे घेऊ. फोनवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली. आज बाड्यावरील फळवाल्यापासून दौलतगंजातील दुकानदारापर्यंत सर्वांकडे तिचा चौकोनी ठसा चिकटविलेला दिसतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, आणि भाजीवालीस दिवसाची कमाई फाटक्या नोटांत मोजावी लागत नाही, ही मोठी सोय झाली. आमच्या विद्यार्थ्याने मात्र एक बारीक गोष्ट टिपली. सत्तेचाळीस रुपये झाले की पूर्वी कोणी पंचेचाळीस घेई, कोणी पन्नास घेऊन वर चार मिरच्या व कोथिंबिरीची काडी टाकी, आणि त्या निमित्ताने घरची विचारपूस होई. आता सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. पेटी मोठ्याने रक्कम सांगते आणि गिऱ्हाईक पुढे जाते. हिशेब चोख झाला, बोलणे कमी झाले. यात दोष यंत्राचा नाही. मिरच्या आजही वर टाकता येतात व विचारपूस आजही करता येते. फक्त ती आपण होऊन करावी लागते.

दुसरे उदाहरण निवृत्तिवेतनाचे. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही सोय निघाली आणि बोटाच्या ठशावरून दाखला मिळू लागला. परंतु वय झाले की बोटांच्या रेषा पुसट होतात. जन्मभर भांडी घासलेल्या किंवा करवत चालविलेल्या हातांच्या तर फारच. माणूस समोर बसलेला आहे आणि यंत्र त्यास ओळखत नाही, असे प्रसंग घडत. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आणि अडचण बरीच दूर झाली. म्हणजे नियम सुधारता येतो. मात्र नियम कोणास लागला नाही, हे कोणीतरी सांगावे लागते.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. बँकेकडून फोनवर जो सहा आकडी गुप्त क्रमांक येतो, तो देणारा खरा मालक की चोर, हे यंत्र पाहत नाही. क्रमांक बरोबर आला की त्याचे समाधान होते. म्हणून तो कोणासही, कितीही गोड बोलला किंवा पोलीस म्हणून दरडावला तरी, सांगू नये. फोनवरून अटक करण्याची तरतूद या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

आता आमच्या शाळेतील एक हकीकत सांगतो. अकरावीतील एका मुलीस शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण रक्कम खात्यात येईना. अर्ज तीनदा परत आला आणि एकदाही कारण लिहून आले नाही. वडील ई-रिक्षा चालवितात. प्रत्येक खेपेस त्यांचा एक दिवस जाई, म्हणजे त्या दिवसाची भाकरी जाई. फीची मुदत जवळ आली तेव्हा घरात मुलीचे नाव काढून शिवणकामास बसविण्याची बोलणी सुरू झाली. त्या आठवड्यात आमचा हा विद्यार्थी भेटला. त्याने पासबुक आणि अर्ज शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखविले. प्रत्येक बँकशाखेस अकरा अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मधले पाचवे नेहमी शून्य. पुढेमागे लागेल म्हणून ते घर राखून ठेवलेले आहे. अर्ज भरून देणाऱ्याने त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' हे अक्षर घातले होते. डोळ्यांस दोन्ही सारखीच. यंत्रास मात्र एक अंक आणि एक अक्षर, दोघांचा परस्परांशी संबंध नाही.

ते दुरुस्त झाले, तर दुसरी गाठ निघाली. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा होता. आमच्या मुसलमान मुलींपैकी कित्येकींस आडनाव असे नसतेच. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून भरणाऱ्याने मुलीचेच नाव दुसऱ्यांदा घातले होते, आणि मग ते आधार कार्डावरील नावाशी जुळेना. येथे आमच्या विद्यार्थ्याने त्याच्या धंद्यातील एक भेद समजावून दिला, तो सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शून्य वेगळे आणि रिकामे वेगळे. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिले तर 'उत्पन्न नाही' असे ठाम उत्तर झाले. रकाना रिकामा सोडला तर 'उत्तरच दिले नाही' असा अर्थ झाला. चांगला लिहिणारा 'आडनाव नाही' असे सांगावयासही जागा ठेवतो. "आडनाव नसलेली माणसे असतात, हे ज्याने तो अर्ज लिहिला त्यास कोणी सांगितलेच नसेल," असे तो म्हणाला. शाळेच्या पत्रासह नाव दुरुस्त करून अर्ज पुन्हा गेला आणि फीच्या मुदतीस चार दिवस उरले असता रक्कम जमा झाली. मुलगी आज बारावीत आहे.

या सर्व खटाटोपात बिघाड म्हणावा असा यंत्रात कोठेच नव्हता. उणीव होती ती पासबुक आणि अर्ज शेजारी ठेवून पाहणाऱ्या एका माणसाची. आपल्या शिलालेखातील माळ्यांकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. दगडाने '५०' हा आकडा अकराशेहून अधिक वर्षे अचूक सांभाळला, हे खरे. पण दगड माळ गुंफीत नाही. ते काम पहाटे उठून, फुले खुडून, माळ्यासच करावे लागले. आज जमाखर्च, यादी, पावती, स्मरणपत्र सर्व यंत्राकडे सोपवावे, ते माणसापेक्षा नीट करील. परंतु कोणाचा अर्ज अडला, कोण लाजेने विचारीत नाही, कोणाच्या बोटांच्या रेषा पुसल्या, हे यंत्राच्या यादीत येत नाही.

म्हणून महोत्सवी वर्षात एक साधी गोष्ट करावी, अशी चालकांस व तरुणांस आमची विनंती आहे. महिन्यातील पहिल्या रविवारी सकाळी दोन तास संस्थेच्या खोलीत एक टेबल मांडावे. माधव इन्स्टिट्यूट १९५७ साली निघाली, माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था १९९७ पासून येथे आहे. आपल्या घराघरांत शिकलेली मुले आहेत. त्यांपैकी दोघांनी पाळीने त्या टेबलाशी बसावे. ज्यास अर्ज भरावयाचा असेल, हयातीचा दाखला घ्यावयाचा असेल, त्याने कागद घेऊन यावे. नियम तीनच असावेत. बटण दाबण्यापूर्वी भरलेला मजकूर अर्जदारास वाचून दाखवावा. त्याचा गुप्त क्रमांक त्याने स्वतःच घालावा, आपण विचारू नये. आणि अर्ज परत आल्यास त्याचे कारण वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्याची खेप वाचेल. खर्च चहाचा काय तो येईल. वृद्धांचे काम होईल, आणि लोक कसे राहतात हे या तरुणांच्या डोळ्यांपुढे येईल. सोमवारी ते पुन्हा 'जर' आणि 'तर' लिहावयास बसतील तेव्हा ते त्यांच्या उपयोगी पडेल.

आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या चार रविवारांसाठी आपले नाव दिले आहे. दुसरे नाव कोणाचे घालावयाचे ते वाचकांनी कळवावे.