मोठेपण अंगावर येतं तेव्हा

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती शाळेत त्यागाचा धडा म्हणून शिकवली गेली. आईबापांविना वाढणारा चार-पाच वर्षांचा हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेला जातो. बरोबरची मुलं मिठाई खातात, मातीची खेळणी घेतात. हमीद मात्र घासाघीस करून लोखंडी चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरची पोळी उतरवताना आजीची बोटं भाजतात. इथेच थांबलं तर ही एका गुणी मुलाची गोष्ट होते. पण शेवटी प्रेमचंद वेगळंच काही दाखवतात: नातू वडीलधाऱ्यासारखा वागतो आणि आजी लहान मुलीसारखी रडू लागते. या अदलाबदलीत हमीदचं कौतुक आहे, तसा भोवतालच्या जगावर आरोपही आहे. भर जत्रेत ज्या मुलाला आजीच्या बोटांची काळजी करावी लागते, त्याचं बालपण गरिबीने आधीच हिरावून घेतलेलं असतं. वाढत्या वयाच्या उत्तम कथा पुन्हा पुन्हा याच जागी येतात. जबाबदारी आधी येते, अधिकार मागाहून येतो, कित्येकदा येतच नाही. या दोहोंमधल्या काळात माणूस मोठा होतो, आणि त्या काळात त्याचं काय होतं हे नेमकेपणाने सांगणं कथेला साधतं.

रवींद्रनाथ टागोरांनी हा पेच ‘छुट्टी’ या १८९२ सालच्या कथेत मांडला होता. गावातल्या पोरांचा म्होरक्या असलेला फटिक शिक्षणासाठी मामाबरोबर कोलकात्याला जातो. तिथे तो मामीला नकोसा होतो, शाळेत मागे पडतो आणि घरी जायला सुट्टी कधी लागेल याची वाट पाहत राहतो. या कथेत टागोर मध्येच थांबून तेरा-चौदा वर्षांच्या वयाबद्दल बोलतात. या वयाचा मुलगा लाडात बोलला तर ते शोभत नाही आणि मोठ्यांसारखं बोलला तर तो आगाऊपणा ठरतो. त्याला मायेची गरज सर्वांत जास्त असते, पण ती मागायची लाज वाटते. आज पौगंडावस्थेबद्दल मानसशास्त्र जे बोलतं, त्यातलं बरंचसं या कथेत आधीच आलं आहे. मात्र टागोरांना फटिकचं निदान करायचं नाही. त्याला कुठेच जागा उरत नाही, हे त्यांना दाखवायचं आहे. शेवटी तापाने फणफणलेल्या फटिकपाशी आई पोहोचते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. वय वाढलं म्हणजे माणूस आपोआप वाढतो, हा समज ही कथा मोडून काढते. वाढायलाही कोणाचा तरी आधार लागतो.

मुलींच्या बाबतीत हा पेच आणखी घट्ट बसतो. ‘ईदगाह’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि मराठी समाजात खळबळ उडाली. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या तरुणींची कोंडी त्यांनी उघडपणे मांडली. संग्रहातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. घर मुलीच्या पगारावर चालतं, पण तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या हाती नसतो. शिक्षणाने तिला विचार करायला शिकवलं, नोकरीने कर्तेपण दिलं, पण त्या कर्तेपणाला मान देणारी व्यवस्था घरात तयारच नव्हती. लोकांना धक्का बसला तो या मुलींच्या बेधडकपणाचा. खरं तर धक्का बसायला हवा होता तो त्यांच्या कमाईवर निर्धास्त बसलेल्या घरांचा.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत घराच्या जागी अख्खा समाज उभा राहतो. ती याच नावाच्या १९६३ सालच्या संग्रहात आहे. रेल्वेची नोकरी घेऊन परक्या गावी गेलेल्या दलित तरुणाला राहायला खोली हवी असते आणि त्यासाठी तो आपली जात सांगत नाही. जात उघड होताच त्याला मारहाण होते. हा तरुण शिकलेला आहे, कमावता आहे, त्याच्या डोळ्यांपुढे नव्या भारताचं स्वप्न आहे. एका तरुणाने वाढावं म्हणून जे जे करायचं ते सारं त्याने केलेलं आहे. कमी पडतो तो समाज. मारहाणीनंतर तो त्या माणसांवर न थांबता त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मनूपर्यंत पोहोचतो, तेव्हा मार खाल्लेल्या माणसाची समज मारणाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेलेली असते. तरीही त्या समजेमुळे त्याला खोली मिळत नाही, आणि बागुल हे लपवत नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मोठं होणं म्हणजे काय फक्त घाव सोसणं? त्यात मैत्री, गाणं, खोड्या, पहिल्यांदा कोणी आवडणं हे काहीच नाही का? आहे, आणि त्याचा मराठीतला भक्कम पुरावा म्हणजे प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतल्या कथांमध्ये हा मुलगा कानडी वळणाच्या मराठीत, स्वतःच्या तऱ्हेने, आपलं जग सांगतो. पण या कथांतल्या आनंदाखालीही तोच पेच वाहतो. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. तो निर्णय त्याचा नव्हता आणि त्याचं कारण त्याला पुरतं उमगलेलंही नाही. हा मुलगा भरभरून हसतो, म्हणूनच त्याचं आतलं एकटेपण वाचकाला खरं वाटतं. म्हणजे आनंदामुळे माझं म्हणणं खोटं ठरत नाही. तो पेच सोसायचं बळ मुलाला कुठून मिळतं, एवढं मात्र त्यातून कळतं.

दुसरा आक्षेप साहित्यप्रकाराचा आहे. वाढ ही दीर्घ प्रक्रिया असते, मग तिच्यासाठी कादंबरीच योग्य नव्हे का? ‘कोसला’ आणि मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ या कादंबऱ्यांनी तरुणाईचं विश्व किती पसरून दाखवलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण कादंबरीला पुढचं सांगावं लागतं. कथेला ते सांगायची सक्ती नसते. चिमटा आणल्यावर हमीदचं पुढे काय झालं, हे प्रेमचंद सांगत नाहीत; मार खाल्लेल्या तरुणाला सुखी शेवट देऊन बागुल वाचकाची सुटका करत नाहीत. प्रश्न उघडा ठेवून थांबायची मुभा कथेला आहे आणि वाढत्या वयाशी ती प्रामाणिक आहे, कारण सोळाव्या वर्षी कोणालाच आपल्या गोष्टीचा शेवट ठाऊक नसतो.

उरतो तो शिक्षक-पालकांचा आक्षेप: अशा कथांनी मुलं खचतील, त्यांना उमेद देणाऱ्या गोष्टी द्याव्यात. या काळजीमागची माया खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. जिद्द धरली की यश मिळतंच, असं सांगणारी गोष्ट अपयशी मुलाला एकच गोष्ट सुचवते: कमी पडलास तो तूच. ‘छुट्टी’ किंवा बागुलांची कथा असं म्हणत नाही. जबाबदारी तुझ्यावर आधी टाकली गेली आणि अधिकार नाकारला गेला, यात तुझा दोष नाही, हे ती त्याला दाखवते. स्वतःला दोष देत कुढणाऱ्या मुलासाठी याहून मोठी उमेद नाही. म्हणून वर्गात अशी कथा वाचल्यावर लगेच तिचं तात्पर्य विचारू नये. या मुलाला कोणी काय द्यायला हवं होतं, हे विचारावं. त्याचं उत्तर शोधताना विद्यार्थी स्वतःच्या हक्कांचा विचार करू लागेल आणि शिक्षकाला, पालकाला आपल्याकडून काय द्यायचं राहून गेलं ते दिसेल. तरुणांच्या कथा मोठ्यांनीही वाचायला हव्यात, त्या याचसाठी.