कर्करोगाच्या जनुकांचा भारतीय संग्रह

माणसाच्या पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके असतात, आणि त्यांतले प्रत्यक्ष प्रथिनांचा संदेश असलेले भाग सगळे मिळून डीएनएचा दोन टक्केही भाग व्यापत नाहीत. कोणते जनुक कधी आणि किती चालावे हे ठरवणारे भाग उरलेल्या डीएनएत विखुरलेले आहेत. कर्करोगात पुष्कळदा बिघडते ते हे नियमनच. बर्किट लिम्फोमात एमवायसी हे जनुक आपली जागा सोडून प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन पडते आणि तिथल्या नियंत्रक भागामुळे अखंड चालू राहते. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांत इस्ट्रोजेनचा ग्राही रेणू स्वतःच डीएनएवर बसून वाढीची जनुके चालवतो. टॅमॉक्सिफेन हे औषध त्यालाच अडवते.

हे नियमन समजायचे तर गाठीचा नुसता डीएनए वाचून भागत नाही. आरएनए मोजला की कोणती जनुके चालू आहेत ते कळते, प्रथिने मोजली की त्यातून पुढे काय घडले ते कळते. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ने ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११ हजारांहून अधिक रुग्ण अभ्यासले. २०१८ साली त्यातल्याच ४१० गाठींमध्ये डीएनएचे कोणते भाग उघडे, म्हणजे नियमनासाठी मोकळे आहेत, याचा नकाशा निघाला. मात्र त्या संग्रहातले बहुतेक रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत.

भारतीय रुग्णाला त्याचा थेट तोटा होतो. जन्मतः असलेला, इथल्या लोकांत नेहमी आढळणारा फरक परदेशी नोंदींत नसला, तर तो कर्करोगाने घडवलेला बदल समजला जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांवरून ‘टीएमसी-एसएनपीडीबी’ हा खुला संग्रह प्रसिद्ध केला. पुण्याच्या इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलास फाउंडेशनने २०२४ साली पुढची पायरी गाठली: स्तनाच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांचा डीएनए, आरएनए, प्रथिने आणि उपचारांची माहिती एकत्र जोडून संशोधकांना खुली केली. पन्नास हा आकडा लहान आहे, पण एकाच रुग्णाचे हे सगळे थर जुळवणे हेच यातले खरे अवघड काम.

त्यातही अवघड भाग शस्त्रक्रियागृहातच सुरू होतो. गाठीचा रक्तपुरवठा तुटताच पेशी त्या धक्क्याला प्रतिसाद देऊ लागतात. काही जनुके चालू होतात, काही मंदावतात आणि आरएनए तुटू लागतो. म्हणून पॅथॉलॉजिस्ट निदानापुरता भाग राखून उरलेला तुकडा लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतो. उशीर झाला तर यंत्र आकडे देते, पण ते गाठीचे नसून उशिराचे असतात. डीएनए मात्र मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या जुन्या नमुन्यातूनही बऱ्यापैकी वाचता येतो. रुग्णाची लेखी संमती शस्त्रक्रियेआधीच घ्यावी लागते, आणि तुलनेसाठी रक्तही घ्यावे लागते.

नमुने असे लगेच गोठवणारी सज्ज शीतसाखळी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असते. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीची स्त्री गावाजवळच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घेईल, तर तिची गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत जाते आणि तिच्या जनुक-नियमनाची बरीचशी नोंद तिथेच पुसली जाते. यावर उपाय आहे. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ऊतीचा छोटा तुकडा साधारण तापमानालाही काही दिवस तग धरतो. अकोला किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो वेळेत पोहोचला आणि तिथे उणे ८० अंशांचा फ्रीझर चालू असला, तर तिचा नमुनाही अशा संग्रहात जाऊ शकतो.